डब्यातलं ऊन

४ ऑगस्ट १९७४

मेली. निम्म्याहून जास्त मेली.

सकाळी कोंबडीच्या पिल्लांच्या पेटीवरचं गोणपाट उचललं तर सगळी एका कोपऱ्यात, एकावर एक. गार पडलं की पिल्लं ऊब शोधत एकमेकांच्या अंगावर चढतात आणि खालची गुदमरतात. वीज कधी गेली कुणास ठाऊक! बल्ब विझलेला. कंदील ठेवायचा तर रॉकेल कुठं आहे? रांगेत उभं राहून जे मिळतं ते स्टोव्हलाच पुरत नाही.

आई दारातूनच म्हणाली, "जीव हाय त्यो. खेळणं न्हाय." जसं काही मला माहीतच नाही!

परसात खड्डा खणला. मदतीला कुणी आलं नाही. मीही हाक मारली नाही.

५ ऑगस्ट

दादा नातेपुत्याहून परत आला. मला न्यायला कधी येणार, हे विचारायला गेला होता. वैशाखात नातेपुतेकर मला इथं सोडून गेले — "चार दिवस राहून ये माहेरी." नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून या वहीत ते नातेपुतेकर. त्या चार दिवसांना आता श्रावण लागला. सहा वर्षांत मूल नाही, त्यावरून सासूबाईंची रोजची बोलणी, आणि हे शेजारी बसून सुपारी कातरणार. खरं सांगायचं तर मला जायचंच नाही. पण "जायचं नाही" असं म्हणायची सोय कुठल्या पोरीला असते?

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"बघू," दादा म्हणाला. ताटावरून अर्धपोटी उठला. तोंड असं, जणू कुणी मारलंय.

आणि संध्याकाळी स्वतःहून म्हणतो, "दिवाळीपर्यंत कर तुझं कोंबड्यांचं. पुन्हा आण पिल्लं. जगली तर राहा हितंच. मेली तर भाऊबीज झाली की मी स्वतः नेऊन सोडतो नातेपुत्याला."

असली अट कुणी घालतं का! पण मी लगेच हो म्हटलं. तो शब्द फिरवायच्या आत.

८ ऑगस्ट

ट्रंक अजून भरलेलीच आहे. वैशाखात आणली तशी. लागेल ते लुगडं वरून काढते, धुते, पुन्हा घडी करून तिथंच ठेवते. आईनं एकदा फळी रिकामी करून दिली होती. मी काहीच ठेवलं नाही तिच्यावर. ना इथली, ना तिथली!

उंदरांनी खाद्याचं पोतं पुन्हा फोडलं.

११ ऑगस्ट

डोक्यात एक आलंय. लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच हसू येईल.

गल्लीच्या टोकाला लालसाबभाईंचा रंगखाना आहे. चादरीचं सूत रंगवतात. रंग सुतात मुरावा म्हणून टाकीत एक खार घालतात — ग्लॉबर म्हणतात सगळे. पांढरे, काचेसारखे खडे. मी वैशाखात आले तेव्हा त्यांची पोती उन्हात पाघळून अंगणभर पाणी झालं होतं. लालसाबभाई कुणाच्या तरी नावानं शिव्या घालत होते. दुसऱ्या दिवशी बघावं तर त्याच पाण्याचा पुन्हा दगड.

आज भाकरी थापता थापता आठवलं — इंटर सायन्सला अर्धं पान होतं यावर! या खड्यांच्या पोटात पाणी असतं. बत्तीसच्या वर तापलं की खडा आपल्याच पाण्यात विरघळतो आणि विरघळताना ढीगभर उष्णता गिळून बसतो. पुन्हा थिजताना ती सगळी परत देतो. आणि बत्तीसलाच देतो — ना कमी, ना जास्त. पहिल्या आठवड्यात पिल्लाला काय लागतं? बत्तीस ते पस्तीस!

म्हणजे दिवसा डबे छपरावर ठेवायचे आणि संध्याकाळी पेटीत. दिवसाचं ऊन रात्री वापरायचं. वीज गेली तर गेली. रॉकेल नको. सोलापुरात दुसरं काही नसलं तरी ऊन आहे.

भाकरी करपली. आई बोलली. बोलू दे.

१२ ऑगस्ट

लालसाबभाईंकडून अर्धं पोतं ग्लॉबर आणलं. म्हणाले, "काय करता ओ ताई एवढ्याचं? कोंबड्या रंगवून विकता काय?" आणि स्वतःच हसत बसले. पण टाकीत बुडवायचा लांब थर्मामीटर दिला. वर म्हणाले, "फुटला तर सांगू नका, नवा आणून ठेवा."

डालड्याचे रिकामे डबे गल्लीत मागून गोळा केले. एकीनं विचारलं, "लोणचं घालतीस का गं?" हो म्हटलं.

१४ ऑगस्ट

ढग. डबे छपरावर नुसते बसलेत.

१५ ऑगस्ट

ढग.

१९ ऑगस्ट

ऊन पडलं! दुपारपर्यंत डब्यात सगळं पाणी. पारा चाळीस. संध्याकाळी खाली उतरवले, गोणपाटात गुंडाळले, थर्मामीटर घालून बसले. आता बत्तीसला पारा थांबणार, डबा थिजणार, ऊब सुटणार.

थांबला नाही. एकतीस, अठ्ठावीस, पंचवीस. पाणी ते पाणीच. गार, स्वच्छ, ढिम्म! मी डब्याला चापट मारली. रागानं. काही नाही.

पुस्तकात असं नव्हतं.

२५ ऑगस्ट

रोज तेच. दहा वेळा शिडी चढते, दहा वेळा उतरते. आई म्हणते, "बूड टेकव की घटकाभर!" टेकवत नाही. बसलं की ट्रंक दिसते.

३० ऑगस्ट

एक डबा थिजतो. फक्त एकच, आणि दर वेळी तोच. वाकड्या झाकणाचा. मी त्याला हुशार म्हणते.

२ सप्टेंबर

हुशार डब्याचं गुपित — त्याच्या कडेला जुन्या खड्याची खरड चिकटलेली आहे, ती उन्हातही विरघळत नाही. मग गार होताना त्या खरडीला धरून बाकीचं थिजतं. दह्याला विरजण लागतं तसं. बाकी डबे मी हौसेनं धुऊन घेतले होते, त्यांच्यात विरजणच नव्हतं! ऊब पोटात होती, पण सोडायला कुणी सांगत नव्हतं त्यांना.

पण खरडीवर भरवसा काय ठेवायचा? एखाद्या दिवशी जास्त तापलं तर तीही विरघळेल. कशानंच विरघळणार नाही असं काहीतरी हवं.

७ सप्टेंबर

आईच्या स्वयंपाकघरातलं सगळं घालून झालं. मीठ, तुरटी, पापडखार, बारीक वाळू. आई म्हणाली, "हिंगबी घाल की, फोडणीच दे!"

९ सप्टेंबर

टाकणखार!! तोंड आलं की आई मधातून लावते तो. तिच्या औषधाच्या डबीतून चिमूटभर घेतला. न विचारता. थिजला — बत्तीसच्या थोडं खाली आला आणि थिजला! पारा परत वर चढून बत्तीसला उभा. डबा पोटाशी धरून परसात बसले होते. किती वेळ, ठाऊक नाही. मांडी गरम, पोट गरम. रडूच आलं एकदम. वेडीच आहे मी.

२१ सप्टेंबर

नवी कटकट. रोज पाघळवून थिजवून आता तळाशी पांढरा गाळ बसतो आणि वर पाणी राहतं. गाळ वर येत नाही, पाण्याला भेटत नाही. दिवसेंदिवस ऊब कमी. घट्ट काहीतरी हवं, म्हणजे खाली बसणार नाही.

२३ सप्टेंबर

खळ! मागावर चढवायच्या सुताला लावतात ती कांजी. इथं गल्लोगल्ली शिजते आणि मी दोन दिवस डोकं खाजवतेय. लालसाबभाईंच्या रंगखान्यातून भांडंभर आणली. डब्यात सगळं आंबिलीसारखं झालं, पण गाळ बसत नाही.

वास मात्र मारतो. दादा म्हणाला, "काय मेलंय का हितं?" मेलं नाही, म्हटलं, जगणार आहे.

९ ऑक्टोबर

पंधरा दिवस झाले, एक डबा फसला नाही. संध्याकाळी ठेवले की पहाटेपर्यंत कोमट. रिकाम्या पेटीत पारा एकतीस. पुण्याला पिल्लांसाठी कळवलंय. दसरा झाला की रेल्वेनं येतील.

दादा पेटीत हात घालून बघत होता. मी आले तशी हात काढला.

"लागली का ऊब?"

"हाय की," म्हणाला. तो एस.टी.च्या डेपोत फिटर आहे. यंत्र चाललं की त्याला मनापासून आवडतं, कुणाचंही असो. वहिनी बाळंतपणाला अक्कलकोटला गेल्यापासून तसा गप्पच असतो. पण आज शीळ घालत गेला.

२४ ऑक्टोबर, खंडेनवमी

आज काय झालं ते नीट लिहायचंय.

सकाळपासून बाहेर होते. तूस आणायला गिरणीवर, मग स्टेशनावर पिल्लांच्या पार्सलची चौकशी. घरी आले तेव्हा दुपार कलली होती. दरवर्षीप्रमाणे देवापुढं पाट मांडलेला. पाटावर दादाचे पाने, हातोडी, पकड. विळी, कोयता, कुऱ्हाड. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचं फूल. आणि त्याच ओळीत — माझे डबे!

घासूनपुसून लख्ख. एकेकाला कुंकवाची पाच बोटं. प्रत्येकाच्या झाकणावर फूल.

मी दारातच उभी राहिले. आईनं या सगळ्याला एकदाही काम म्हटलं नव्हतं. "तुझा त्यो खेळ", "तुझी ती घाण" — असंच. आणि आज दादाच्या पान्यांशेजारी माझे डबे पुजले. मला बघून नुसतं म्हणाली, "हात जोड. ज्येच्यावर पोट चालतं त्येला हात जोडायचा असतो."

जोडले. मग न्हाणीत जाऊन तोंडावर पाणी मारत बसले.

आज कुठल्याच हत्याराला हात लावायचा नसतो. डबे तसेच पाटावर.

२५ ऑक्टोबर, दसरा

आईला सोनं दिलं, पाया पडले. तिनं पाठीवर हात ठेवला तो उचललाच नाही बराच वेळ. मी म्हटलं, "काय गं?" तर म्हणाली, "काय न्हाय. वाळलीस."

२७ ऑक्टोबर

आली! भोकाभोकाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून, सगळी चिवचिव करत. पांढऱ्या लेगहॉर्न जातीची. हमाल म्हणाला, "बाई, माझ्या घरापेक्षा हितं कालवा जास्त हाय." सगळ्यांच्या चोची एकेकदा पाण्यात बुडवल्या, पाणी कळलं त्यांना.

डबे दिवसभर तापले. आता पेटीत आहेत. बल्बही लावलाय. वीज गेलीच तर डबे आहेत. आज निवांत झोपणार.

२८ ऑक्टोबर



वीज गेली होती. गोणपाट उचललं आणि तेच. कोपरा. ढीग. मी आधी पिल्लांना नाही, डब्यांना हात लावला. गार! झाकण उघडलं — आत पाणी. स्वच्छ, नितळ, काचेसारखं पाणी. दुसरा उघडला, तिसरा उघडला. सगळ्यांत तेच. माझी खळ कुठं गेली? टाकणखार कुठं गेला?

"आई!" इतक्या जोरात ओरडले की लालसाबभाई रस्त्यावर थांबले.

आई आली. डब्यात बघून आधी तिला कळेचना मी का ओरडतेय. कौतुकानंच सांगत होती — "त्येच्यात लई घाण झाली हुती. कुबट वास. पूजेला असं कसं ठेवायचं? उन्हात पातळ झाल्यावर माझ्या जुन्या लुगड्यातनं गाळून काढलं. डबं राखंनं घासलं, चिंचंनं घासलं. बघ की, कसं काचंसारखं केलंय!"

दिवसभर खपली असेल बिचारी. कंबर दुखते तिची. आणि मी काय बोलले? "तुला मी जायलाच हवीय ना इथून? मग सरळ सांगायचं! पिल्लं कशाला मारलीस?"

आई खाली बसली, ढिगातून एकेक उचलून बघायला लागली. खालची गेली होती, पण मधली काही जिवंत निघाली. ती तिनं पदरात घेतली, पदर पोटाशी धरला, आणि तशीच चुलीपाशी जाऊन बसली.

आज पुन्हा खड्डा.

तेच, संध्याकाळी

मी टाकणखार आणायला निघाले होते. आई म्हणाली, "थांब." कोनाड्यातून फुटक्या गाडग्याचा बुडखा काढला. आत तिनं गाळलेला सगळा गाळ. वाळून खडखडीत.

"टाकला नव्हतास?"

"खंडेनवमीचं धुवण पायदळी टाकत न्हाईत. हत्याराचं असतंय ते. तुळशीत टाकनार हुते, पन म्हटलं खार हाय, तुळस मरंल."

तुळशीची काळजी! मला हसूही येईना, रागही येईना. गाळातून चिमूट उचलली आणि एका डब्यात टाकली. सकाळपासून सावलीत ठेवलेला, गार डबा.

पडली त्या ठिकाणी पांढरा ठिपका उमटला. ठिपक्यातून सुया निघाल्या, सुयांतून सुया. बघता बघता डबा दुधासारखा पांढरा आणि पार घट्ट. मी डबा आईच्या हातात दिला.

"अगं!" ती म्हणाली. "अगं, तापला की गं ह्यो! इस्तू न्हाय, ऊन न्हाय — कशानं तापला?"

"कालचं ऊन आहे ते, आई. आतच होतं. सुटायला तेवढी चिमूट लागते. तीच तू काढून टाकलीस."

आईनं डबा मांडीवर घेतला. दोन्ही हातांनी धरला. म्हणाली, "म्हंजे माझ्या हातानं गेली." मी नाही म्हणाले नाही. म्हणायला हवं होतं. तेव्हा सुचलं नाही, आता लिहिताना सुचतंय.

मग दोघींनी मिळून बाकीच्या डब्यांत गाळ घातला. मी नवी खळ आणली. वास आला तशी आईनं पदर नाकाला लावला, पण हलली नाही.

२९ ऑक्टोबर

वीज गेली. डबे थिजले. एकही मेलं नाही.

३१ ऑक्टोबर

दादाला सांगितलं — एवढी मेली, एवढी उरली. अट तुझी आहे, आता काय ते तूच ठरव. तो पाना पुसत होता. पुसतच राहिला.

"पिल्लं अजून हाईत ना पेटीत?"

"आहेत."

"मग झालं की. दिवाळीला बघू." आणि आईकडं बघितलं. आईनं मान फिरवली. या दोघांचं काय चाललंय? माझ्यामागं बोलतात आणि मी आले की भाजीचं विचारतात. मला न्यायचा दिवस ठरला असणार. ठरला असेल तर तोंडावर सांगा! हे असं टांगून ठेवणं नको. नवं लुगडं ट्रंकेत सगळ्यात वर ठेवलंय. सांगतील तेव्हा मिनिटात निघायचं, रडायचं नाही — एवढं ठरवलंय.

५ नोव्हेंबर

आई आता माझ्याआधी शिडी चढते. कंबर धरून. "तुझ्या डब्यांस्नी ऊन लागतंय का बघते." मी म्हटलं, पडशील. तर म्हणे, "पडले तर तूच शेक. हाईत की डबं."

आज पहिल्यांदा दोघी हसलो. खड्ड्याच्या दिवसापासून पहिल्यांदा.

९ नोव्हेंबर

पंखांना खरी पिसं फुटली. पिवळी लव जाऊन पांढरं दिसायला लागलंय. आता गार पडलं तरी एकमेकांवर चढत नाहीत, ऐसपैस झोपतात. डब्यांची गरज संपत आली त्यांना.

लालसाबभाई बघून गेले. म्हणाले, "ताई, रंगवायची गरजच नाही, आपोआप पांढऱ्या झाल्या की ओ!" त्यांच्या बायकोचे, सरदारबींचे, गुडघे हिवाळ्यात धरतात. एक डबा मागितला. दिला. पुसट कुंकवासकट.

१३ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

फटाक्यांना पिल्लं दचकतात. पेटीला गोधडी गुंडाळली.

१५ नोव्हेंबर, भाऊबीज

ओवाळलं. ताटात नवं लुगडं. तीन महिने ज्या दिवसाला भीत होते तो दिवस आला, आणि दादा पुरणपोळी खातोय.

शेवटी मीच काढलं. "दादा, पिल्लं जगली. बरीच जगली. मी राहते. पण नातेपुत्याला एकदा रीतसर सांगून येऊ या. नाहीतर तिकडचे म्हणतील, पोरगी पळून बसली."

त्याचा घास हातातच राहिला. "सांगायची गरज न्हाय," म्हणाला.

"गरज नाही कशी? तू शब्द दिला असशील त्यांना."

तो हात धुवायला उठला. अर्धी पोळी ताटात. दादानं पुरणपोळी टाकलेली मी जन्मात बघितली नाही.

आईला विचारलं. म्हणाली, "सणाचं नगं."

१७ नोव्हेंबर

नातेपुत्याच्या आमच्या शेजारच्या बजाबाई लेकीकडं आल्या होत्या, म्हणून भेटायला आल्या. मी चहा टाकला. त्या सहजच बोलत होत्या, मला सगळं ठाऊक आहे असं धरून — "नव्या सुनंला दिवस गेल्यात. सासू आता लई नाचतीया." हातातली कपबशी तशीच धरून मी विचारलं, यांचं दुसरं लग्न कधी झालं. म्हणाल्या, "ज्येष्ठात की! तुझा भाऊ आला हुता न्हवं नंतर भांडायला? बसून रडला वट्ट्यावर."

म्हणजे नेऊन सोडायला घरच नव्हतं. दादाला तेव्हापासून ठाऊक. आईला ठाऊक. खंडेनवमीला माझे डबे पाटावर मांडताना तिला ठाऊक होतं.

बजाबाई गेल्यावर आईला एवढंच विचारलं — का नाही सांगितलंत? म्हणाली, "सांगितलं असतं तर तू बसून ऱ्हायली असतीस."

ट्रंक रिकामी केली. लुगडी फळीवर लावली. ट्रंकेत कोंबड्यांचं खाद्य भरलं. झाकण घट्ट आहे, उंदीर शिरत नाहीत.